साक्षीला उशिरा आलेली बाई

"ते नैवेद्यात नको ठेवूस गं. वेगळं ठेव."

शेजारच्या वहिनींकडे गणपतीची आरती व्हायची होती. वहिनींनी माझा मोदकांचा डबा दोन बोटांनी उचलला आणि स्वयंपाकघरात वॉशिंग मशीनवर नेऊन ठेवला. घरात बारा-तेरा बायका. सगळ्यांनी पाहिलं. थोड्या वेळापूर्वीच वहिनींनी विचारलं होतं, "माहेरचं आडनाव काय तुझं?" मी सांगितलं होतं.

मी हसले. पहाटे उठून वळलेले मोदक मशीनवर, आणि मी टाळ्या वाजवत आरती म्हणत होते. इथे सिंगापुरात, पुंगोलमधल्या फ्लॅटमध्ये. स्वतःच्या पगारावर आलेली, इथली नागरिक झालेली मी.

सिती त्यांच्याकडे कामाला होती. इंडोनेशियाची, चाळिशीची, दोन मुलांची आई. मी निघताना तिने डबा आणून दिला. हळूच म्हणाली, "सॉरी, सिस्टर." मी तिच्या हातातून डबा हिसकावला. कामवालीने माझी कीव करावी?

पुढे भिंतीतून आवाज यायला लागले. सकाळी सात-साडेसातला. चपराक. मग सितीचं "सॉरी मॅम, सॉरी मॅम." मी मिक्सर लावायचे. महिनोन् महिने लावला. कारण वहिनी आता लिफ्टमध्ये "ये गं कधी" म्हणायला लागल्या होत्या.

शेवटी सिती एकटीच पोलिसांकडे गेली. मला साक्षीचं समन्स आलं. त्याच संध्याकाळी वहिनी पहिल्यांदा माझ्या घरी आल्या. माझ्या हातचं पाणी प्यायल्या.

"काही ऐकू आलं नाही, एवढंच सांग. आपल्या माणसांनी एकमेकांना सांभाळायचं असतं."

आपल्या. सांगायला लाज वाटते, पण तो शब्द ऐकून मला आनंद झाला. मग त्या आनंदाचीच किळस आली.

"मी ऐकलंय, वहिनी. रोज ऐकलंय."

त्या उठल्या. दारात वळून म्हणाल्या, "शेवटी जातीवर गेलीस."

"हो," मी म्हणाले. "गेले."

ऐकलं ते सगळं मी कोर्टात सांगितलं. वहिनींच्या वकिलाने विचारलं, "एवढं ऐकलंत, तर पोलिसांना का नाही कळवलंत?"

घाबरले होते, असं म्हणता आलं असतं.

"मला त्यांच्यात बसायचं होतं," मी म्हणाले.

सितीची साक्ष आधीच झाली होती, ती मागे बसली होती. तिने मान खाली घातली.

बाहेर सरकारी वकील बाईंनी आभार मानले. नागरिकाचं कर्तव्य केलंत, म्हणाल्या. मला तिथे उभं राहवेना. सिती बाजूने गेली, थांबली नाही. थांबावं असं मी तिच्यासाठी केलं तरी काय होतं?

वहिनींना शिक्षा झाली. मला माफी नको. मागणारही नाही. एवढंच ठरवलंय: यापुढे भिंतीपलीकडे कुणावर हात उठला, तर समन्सची वाट पाहणार नाही. त्याच क्षणी जाऊन दार ठोकीन. उघडेपर्यंत ठोकीन.