आत्याच्या गावात लॉज

लॉज घेताना माझे काही नियम आहेत. मोबाईलवर बुकिंग केलं तरी काउंटरवर फोन करून नाव लिहून घ्यायला लावायचं, कारण मोबाईलवर शिल्लक दिसणारी खोली आपण पोचेपर्यंत भलत्यालाच गेलेली असते. नुसतं ‘हॉटेल कुठंय’ असं रस्त्यात विचारायचं नाही. आमच्याकडे हॉटेल म्हणजे मिसळ आणि चहा, राहायचं ते लॉज. पैसे द्यायच्या आधी खोली बघायची, नळ सोडून बघायचा, कडी आतून लावून बघायची. गरम पाणी ‘येतं’ एवढ्यावर गप्प बसायचं नाही, किती वाजता येतं आणि किती वाजता जातं ते विचारायचं. आणि एकट्या बाईला ‘सोबत कोण आहे?’ असं विचारलं तर ‘कंपनीचं काम आहे’ एवढंच सांगायचं, आवाज न चढवता. हे शेवटचं मला अजून नीट जमलेलं नाही.

मी शिरूरला राहते आणि कारखान्यांतले वजनकाटे बरोबर आहेत की नाहीत ते तपासते. कुरकुंभच्या औषध कंपन्यांत काम निघालं की दोन-तीन दिवस जातात. रोज शिरूरहून ये-जा करायची तर अर्धा जीव रस्त्यातच जातो, आणि हायवेवरच्या लॉजमध्ये ट्रकच्या हॉर्नमुळे डोळ्याला डोळा लागत नाही. म्हणून मी जवळच्या दौंडला उतरते.

पण दौंडला माझी सख्खी आत्या राहते, आणि तिथं माझे नियम तोकडे पडतात. नातेवाईक असलेल्या गावात लॉजवर उतरणं म्हणजे त्यांचा उघड अपमान. आता तिचं घर दोन खोल्यांचं, माणसं सात. मी गेले की ती स्वतःची कॉट मला देते आणि स्वयंपाकघरात अंथरूण टाकते. मला रात्री रिपोर्ट लिहायचा असतो, तिला माझ्या लग्नाचं काय झालं ते ऐकायचं असतं. खरं सांगायचं तर मला एकटीला राहायला आवडतं. म्हणून वर्षभर मी तिला न सांगता लॉजवर राहत होते. मनाला टोचायचं, पण सोयीचं होतं.

एका शनिवारी तिच्या शेजारणीनं मला लॉजच्या पायऱ्या चढताना पाहिलं. काम सोमवारपर्यंत लांबलं होतं, रविवारी कंपनीला सुट्टी, म्हणून मी थांबले होते. रविवारी बाराच्या सुमारास दारावर थाप पडली. दारात आत्या, घामाघूम, आणि तिच्यामागे ‘मावशी, असं डायरेक्ट वर जाता येत नाही’ म्हणत आलेला मॅनेजर. आत्यानं त्याच्याकडे बघितलंही नाही.

“बॅग भर,” ती मला म्हणाली. “भावाच्या लेकीला लॉजवर ठिवलं म्हणून लोक माझ्या तोंडात शेण घालत्याल. आज घरी न्हाई आलीस तर तुझं-माझं नातं तुटलं. परत आत्या म्हणू नगंस मला.”

ती उगाच बोलणारी बाई नाही. वडील गेल्यापासून त्यांच्या बाजूचं मला हक्कानं रागावणारं हे एकच माणूस उरलंय. मी घाबरले. मॅनेजरला हातापाया पडून खाली पाठवलं आणि मुकाट्यानं बॅग भरायला घेतली.

मी कपडे गोळा करीत होते तोवर ती पलंगाच्या कडेला टेकली. गादी हातानं दाबून बघितली. चादर कोण बदलतं, ते विचारलं. मग बाथरूममध्ये डोकावली आणि हे सगळं माझ्या एकटीचं का, असं विचारलं. हो म्हटल्यावर नळ सोडून बघितला आणि म्हणाली, अंघोळ केली तर चालंल का. अर्धा तास आतून पाण्याचा आवाज येत होता. तिच्या घरी पाच मिनिटांत कुणीतरी दार वाजवतं.

ओले केस पुसत ती खिडकीपाशी बसली. बॅगेचा विषय काढला नाही. बऱ्याच वेळानं, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, “आजच्या दिस मी ऱ्हाऊ का गं हितं?”

मी तिचं आधार कार्ड घेऊन खाली गेले. मॅनेजरनं ते उलटसुलट बघून परत दिलं. लोकल आधार चालत नाही, म्हणाला. इथल्याच माणसाला मुक्कामाला खोली द्यायची नाही, हा मालकाचा नियम. मी हुज्जत घातली, आवाजही चढवला. चाळीस वर्षं दौंडमध्ये काढलेल्या बाईला दौंडमध्ये एक रात्र झोपायला जागा मिळत नाही, याचा मला भयंकर राग आला. शेवटी तो एवढंच म्हणाला, की मावशींना संध्याकाळी सहापर्यंत बसू द्या, त्याच्यापुढं मला नाही जमायचं.

वर येऊन मी आत्याला सांगितलं. मला वाटलं, ती भडकेल. “सहा लई झालं,” ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. पाच मिनिटांत घोरायला लागली.

मी खुर्चीत रिपोर्ट लिहीत बसले. तिच्या पिशवीतला फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा मी तो घेऊन गॅलरीत गेले आणि तिच्या सुनेला सांगितलं, की आत्या माझ्याजवळ आहे, सहाला येईल. गॅसचं पुस्तक कुठं ठेवलंय, एवढंच विचारायचं होतं तिला. तुम्हीच शोधा, म्हटलं.

साडेपाचला आत्या उठून बसली. कुठं आहोत ते तिला क्षणभर कळलं नसावं.

“घरात डोळा लागला की कुणी ना कुणी हाक मारतंय,” ती म्हणाली. “आज कुणी न्हाई मारली.”

फोनचं मी काही बोलले नाही. घरी जायची तयारी म्हणून बॅगेची चेन लावली आणि बॅग खांद्याला अडकवली. आत्यानं ती माझ्या खांद्यावरून काढून पलंगावर ठेवली.

“तू ऱ्हा हितंच. घरी काय सांगायचं ते मी बघते,” ती म्हणाली. मग चपला घालता घालता हळूच, “पुढच्या बारीला आलीस की फोन कर. मी दुपारचीच यीन.”