थोरा ड्रेव्हर आणि सहा फुटी बोया

थोरा ड्रेव्हरच्या बोटीवर पाणबुड्यांचं स्वागत कधी हसून झालं नाही. उत्तरेकडच्या बेटावरल्या स्ट्रॉमनेस गावाच्या धक्क्यावरून माणसं हवेच्या टाक्या, पेट्या, पिशव्या सांभाळत चढायची आणि थोरा सुकाणूच्या खोलीतून खाली उतरून एवढंच म्हणायची, "बोये काढा." राम राम नाही, चहा नाही. आमच्याकडे यालाच आदरातिथ्य म्हणतात, असं तिचा नवरा मॅन्सी पाहुण्यांना समजवायचा. मॅन्सी बोटीचं इंजिन सांभाळायचा, स्वयंपाक करायचा आणि बायकोने दुखावलेल्या माणसांना सूप वाढायचा. तिसरं काम सगळ्यात मोठं होतं.

बोया म्हणजे गुंडाळून खिशात ठेवायची लांबट पिशवी. पाणबुड्याने पाण्याखालीच तिच्यात हवा भरायची आणि रिळाच्या दोरीला बांधून ती वर सोडायची. लाटांवर ती काठीसारखी उभी राहिली की बोटीवरच्याला कळतं, या दोरीच्या खालच्या टोकाला एक जीव लटकलेला आहे. तो जीव तिथून वर येईपर्यंत प्रवाह त्याला कुठल्या कुठे नेतो. त्यामुळे हा बोया दिसला तर माणूस, नाहीतर नुसता समुद्र.

हे थोराला अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात कळलं. दोन डच भाऊ बरा नावाच्या खाडीत उतरले आणि ओहोटीबरोबर बाहेर वाहून गेले. त्यांचा बोया दुधाच्या पिशवीएवढा होता. दोन तास चाळीस मिनिटं थोरा दुर्बीण डोळ्याला लावून उभी होती. शेवटी सापडले तेही एकाच्या टोपीच्या रंगामुळे. वर घेतल्यावर धाकट्याने सुकाणूच्या खोलीत ओकारी केली आणि थोरल्याने विचारलं, "उद्याची फेरी आहे ना?" थोराने त्या दिवसापासून माणुसकीचा नाद सोडला आणि बोये तपासायला घेतले.

त्यानंतर कित्येक उन्हाळे हा कार्यक्रम चालला. प्रत्येकाने आपला बोया डेकवर उलगडायचा आणि थोराने त्याची लाज काढायची. आखूड असला तर "हा वाढदिवसाचा का?" खालून उघडा असला तर "लाट आली की हा आडवा होणार, हवा सोडून देणार. मग तू काय करणार, शिट्टी वाजवणार?" तिला बोया हवा तो माणसाएवढा उंच, भडक नारिंगी, आत गेलेली हवा आपोआप अडवणाऱ्या तोंडाचा, जादा हवा सोडणारी झडप असलेला, आणि वर मोठ्या अक्षरांत नाव लिहिलेला. नाव कशाला, असं कोणी विचारलं की म्हणायची, "कोणाच्या घरी फोन करायचा ते कळायला नको?"

अशात एका जूनमध्ये डॉक्टर क्लाइव्ह ऑर्मरॉड आले. बोल्टनचे दातांचे डॉक्टर. शनिवार-रविवार पाण्याने भरलेल्या एका जुन्या दगडखाणीत लोकांना पाण्याखाली उतरायला शिकवायचे. खाणीत ना लाट ना प्रवाह, त्यामुळे डॉक्टरांचा आत्मविश्वास अजून कोरडाच होता. त्यांनी खिशातून एक नाजूक, पोपटी रंगाचा, जेमतेम तीन फुटांचा बोया काढला.

थोराने तो दोन बोटांत धरला. "डॉक्टर, हा बोया आहे, की दाढ काढल्यावर ठेवायचा कापूस?"

"वजनाला हलका आहे," डॉक्टर म्हणाले. "खिशात मावतो."

"शवपेटीतही मावेल. आणि हिरवा! हिरव्या समुद्रात हिरवा बोया. लपाछपी खेळायला आलात का?"

बाकीचे पाणबुडे हसले, कारण त्यांची पाळी होऊन गेली होती. मॅन्सी सूप ढवळायला आत पळाला. डॉक्टर मात्र लाल झाले नाहीत. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडात बघणाऱ्या माणसाला तोंडाची भीती कशी वाटणार?

"बरोबर बोललात," ते म्हणाले. "तुमच्याकडचा मोठा द्या, तो नेतो. पण एक विचारू का, कप्तानबाई? तुम्ही स्वतः पाण्याखालून असे किती बोये सोडलेत?"

थोराने आयुष्यात एकही बोया सोडला नव्हता. पाण्याखाली जाणं राहू द्या, तिला पोहतासुद्धा येत नव्हतं. इतक्या थंड पाण्यात पोहून जायचं कुठे, असं तिच्या वडिलांचं मत होतं आणि तिने ते वारशात घेतलं होतं.

"पिशवीत हवा भरायला काय अक्कल लागते?" ती म्हणाली.

"मग भरून दाखवा ना. मी पुढच्या मे महिन्यात येतो. शिकवीन."

थोरा "बघू" म्हणाली. गावात "बघू" म्हणजे "नाही". पण तो दिवस संपायच्या आत गोष्ट बंदरावरच्या हॉटेलात पोचली, आणि तिथे "बघू"चा अर्थ लोकांनी आपल्या सोयीने लावला. मासळीवाल्याने तर मासे तोलताना विचारलं, "काय थोराबाई, गळ टाकून काढायचं का तुम्हाला, की जाळ्याने?"

ही एक गोष्ट तिला लागली. अठ्ठावन्नाव्या वर्षी ती हिवाळाभर शेजारच्या कर्कवॉल गावातल्या बंदिस्त तलावात पोहायला गेली. वर्गात सगळ्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी थोराला बोलायची संधी दिली नाही, म्हणून ती लवकर शिकली.

मे महिन्यात डॉक्टर खरंच आले. दहा दिवस त्यांनी तिला श्वास, वजन, जाकिटातली हवा, कान मोकळे करणं, सगळं शिकवलं. अकराव्या दिवशी धक्क्याशेजारी सहा मीटर पाण्यात बोयाचा धडा ठरला. वर धक्क्यावर अर्धं गाव उभं. कोणालाच काही काम नव्हतं, योगायोग.

उतरण्यापूर्वी डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, "आधी वर बघायचं, डोक्यावर कोणी नाही ना. मग बोया उलगडायचा, रीळ हात लांब करून धरायचं. अंगाला अडकवायचं नाही. थोडीच हवा भरायची, वर जाताना ती आपोआप फुगते. रिळाचा चाप दाबून ठेवायचा म्हणजे दोरी सुटत राहते. आणि दोरी अडकली तर?"

"रीळ सोडून द्यायचं," थोरा वैतागून म्हणाली. "हे मी लोकांना किती वर्षं ओरडून सांगतेय, डॉक्टर. तुम्ही मला सांगू नका."

पाण्याखाली नऊ अंशांची थंडी. हातात जाड मोजे. त्यांत बोटं म्हणजे उकडलेले बटाटे. एका हातात रीळ, दुसऱ्यात बोया. त्यात श्वास घ्यायचा, वर तरंगायचं नाही, खाली बुडायचं नाही, आणि चष्म्यात शिरलेलं पाणीही आपलंच. डेकवर खुर्चीत बसून ज्याला ती पिशवी म्हणत होती ती आता वाम माशासारखी वळवळत होती. थोराने वर बघितलं नाही. तोंडातला श्वास घ्यायचा रेग्युलेटर काढून बोयाच्या तोंडाशी धरला आणि बटण दाबलं. थोडी हवा? मोजणार कोण! बोया एका झटक्यात गच्च फुगला. घाबरून तिचं चापावरचं बोट निघालं, रीळ जाम झालं, आणि थोरा ड्रेव्हरने ते सोडलं नाही.

रेग्युलेटर कसाबसा तोंडात परत कोंबून ती बोयाच्या मागोमाग वर निघाली, आणि संपूर्ण वाट शिव्या देत निघाली. पाण्यातून बुडबुड्यांचा एक खांब आला, मग नारिंगी बोया, मग त्याला लटकलेली थोरा, कमरेपर्यंत बाहेर. धक्क्यावर टाळ्या पडल्या.

डॉक्टर वर आले ते पांढरेफटक पडून. "दुखतंय कुठे? छातीत? श्वास घेता येतोय?"

"काही नाही झालं मला!"

"श्वास रोखून आला असतात तर फुप्फुसं फाटली असती," डॉक्टर धापा टाकत म्हणाले. "ओरडत आलात, म्हणून हवा बाहेर पडत राहिली. तुमच्या तोंडाने आज पहिल्यांदाच कोणाचं तरी भलं केलं."

मॅन्सीने तिला शिडीवरून ओढून घेतलं. घरी क्लॅपशॉट वाढताना, म्हणजे बटाटा आणि सलगम चेचून लोणी घातलेलं आमचं रोजचं जेवण, एवढंच म्हणाला, "अगं, रीळ सोडायचं असतं म्हणे."

"जेव गप."

दुसऱ्या दिवशी ती परत उतरली. आणि तिसऱ्या. धक्क्यावरची गर्दी रोज कमी होत गेली, कारण ती रोज बरी होत गेली. सगळ्यांचा हिरमोड झाला.

दोन आठवड्यांनी डॉक्टर तिला त्याच बरा खाडीत घेऊन गेले, तिथे युद्धकाळात वाट अडवायला बुडवलेल्या जहाजाचा सांगाडा आहे. पंधरा मीटर पाणी. सुकाणूवर मॅन्सी एकटा. भरती फिरली तसे दोघं सांगाड्यापासून सुटले आणि प्रवाहाबरोबर सरकू लागले. डॉक्टरांनी बोट दाखवलं: आता तुम्ही. मदतीला हात पुढे केला नाही.

थोराने वर बघितलं. बोया उलगडला, रीळ लांब धरलं, चाप दाबला. या खेपेला बटण नाही. छातीतली हवा तीनदा त्याच्या तोंडात सोडली. बोया अर्धामुर्धा भरला, ताठ झाला आणि गेला. दोरी सरसर सुटली, मग थांबली. ती हळूहळू रीळ गुंडाळत पाच मीटरवर आली आणि तिथे तीन मिनिटं थांबली, कारण तसा नियम आहे.

ती तीन मिनिटं तिने पुढे कोणाला सविस्तर सांगितली नाहीत. चारही बाजूंना हिरवं पाणी, त्यात काही नाही. वर जाणारी पांढरी दोरी, तीही दोन हातांवर दिसेनाशी झालेली. बोया उभा आहे की आडवा, कोण सांगणार? वर कोणी बघतंय का? मॅन्सी चहा टाकायला तर गेला नसेल? एवढ्या वर्षांत बोये वर आल्यावर ती स्वतः कितीदा शब्दकोडं सोडवत बसली होती, ते तिला तिथे आठवलं. तिने डॉक्टरांचा दंड धरला. डॉक्टरांनी तो सोडवला नाही. मग कुठून तरी आपल्या इंजिनाची ओळखीची धडधड पाण्यातून आली, आणि थोराच्या चष्म्यात परत पाणी साचलं. हे बाहेरून आलेलं नव्हतं.

बोटीवर चढल्यावर मॅन्सी म्हणाला, "बोया जरा कलला होता."

"प्रवाह केवढा होता तिथे!"

"सगळे हेच सांगतात, असं तूच म्हणतेस ना?"

"तू बघत होतास?"

"दुसरं काय करणार? दोन दिवसांचं सूप मी सकाळीच करून ठेवलं होतं," मॅन्सी म्हणाला आणि तिच्या पाठीवरची टाकी उतरवून घेताना बराच वेळ पट्ट्याशी झटापट करत राहिला.

थोरा आता मऊ होईल अशी गावाची अपेक्षा होती. गाव निराश झालं. उलट आता ती पाणबुड्यांना डेकवर जाड मोजे घालून, डोळे मिटून बोया उलगडायला लावते, आणि रीळ जाम झाल्यावर ज्याने सोडलं नाही त्याला अख्खी बोट ऐकेल असं सुनावते. फक्त एक फरक पडला. पहिला बोया वर आला की ती शब्दकोडं बाजूला टाकते, आणि बोयापासून राखायचं ते अंतर राखून इंजिन चालू ठेवते, म्हणजे खालच्यांना आवाज जावा. डिझेल जळतं म्हणून मॅन्सी कुरकुरतो. तिने कारण कोणालाच सांगितलेलं नाही.

मागच्या आठवड्यात बर्मिंगहॅमहून आलेल्या एका गृहस्थांनी वर आल्यावर तिला विचारलं, "तुमच्या इंजिनात काही बिघाड आहे का हो? सारखं घरघरत होतं."

"हो," थोरा म्हणाली. "जुनं झालंय. बोया नीट गुंडाळा तो, चुरगळू नका."