दुसरी भाकरी मागणारे

निजामाच्या राज्याच्या अखेरच्या काळात आमचे हे निवडणुकीला उभे राहिले. आदिलाबादला ह्यांची वकिली बरी चालायची. मत तेव्हा सगळ्यांना नव्हतंच. जमीनवाले, थोडे शिकलेले, असे निवडक लोक मत देणार. बायकांना तर कोण विचारतो! समोर एक देशमुख होते.

माझं माहेर पैनगंगेपलीकडे, वऱ्हाडात. मूलबाळ नव्हतं, शेजारी सगळे तेलुगू बोलणारे. हे कचेरीत गेले की दिवसभर तोंड उघडायला कारण नसायचं. त्यामुळे ही निवडणूक मला देवानेच धाडल्यासारखी वाटली. घरात माणसं येऊ लागली.

कोण आपल्या बाजूचं, हे ओळखायची ह्यांची एक खास रीत होती. जैनथकडच्या मराठी गावांतले शेतकरी बाजाराला आले की हे त्यांना घरी जेवायला आणायचे. पंगत उठली की आत येऊन मला विचारायचे, "दुसरी भाकरी कोणी घेतली?" दुसरी भाकरी मागून घेणारा पक्का. "बस झालं" म्हणणारा डळमळीत. त्याला पुढच्या बाजारी पुन्हा बोलवायचं आणि अंबाडीच्या भाजीवर तेल सढळ हाताने सोडायचं. एवढा शिकलेला माणूस, कायद्याची कलमं तोंडपाठ, आणि मतं मोजायचा भाकऱ्यांवर! मी चिडवायची, पण थापायची हौसेनं. खरं सांगते, मला निवडणुकीचं काही पडलेलं नव्हतं. ओसरीवर आवाज होते, तेवढं मला पुरे होतं.

ह्यांच्या अंदाजाने आम्ही जिंकलोच होतो. निकाल लागला तेव्हा देशमुखांना भरभरून मतं पडली होती आणि आमच्या पदरात अगदी थोडी.

मग घरी यायचे लोक थांबले. कोणी भांडलं नाही, वाईटसाईट बोललं नाही. आमचं घर बाजाराच्या वाटेवर, तर माणसं मागच्या गल्लीने जाऊ लागली. ज्यांनी मत दिलं नाही त्यांना तोंड दाखवायची लाज. ज्यांनी दिलं त्यांनाही भीती, की वकीलसाहेब आपल्यावरच संशय घेतील. हे ओसरीवर बसून राहायचे आणि मी आत. दोघांनी एकमेकांशी बोलावं, तर तेही सुचेना. इतकं सुनं मला लग्न होऊन नवीन आले तेव्हाही वाटलं नव्हतं.

एका बाजारी मात्र नेहमी येणारा एक शेतकरी दारात उभा राहिला. बसला नाही. म्हणाला, "वकीलसाब, आज जेवाले नोका बसवू. म्या मत तिकडं देलं."

ह्यांचा चेहरा उतरला. "मग इथं दर बाजारी जेवत काऊन होता?"

"तुमी बोलावलं म्हून जेवलो. वाढलेल्या ताटाले नाही कसं म्हणावं? देशमुखाच्या घरीबी जेवलोच ना आमी. मताचं तुमी कदी पुसलंच नाही. अन् आमच्या गावात तर तुमी एकदाबी आले नाही."

एवढं बोलून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी ह्यांनी बैलगाडी सांगितली आणि जैनथच्या बाजूला गेले. गावोगाव फिरले. पारावर बसून प्रत्येकाला सरळ विचारलं, मत कुणाला दिलंत, राग नाही, फक्त समजून घ्यायचंय. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला परत आले. मी पाय धुवायला पाणी दिलं आणि विचारलं, "काय म्हणाले?"

"सगळ्यांनी मलाच मत दिलं म्हणे. तो एक सोडला तर एकूणएक माणसानं." हे पायांकडे बघत म्हणाले. "कुणी खोटं बोलत होता असंही वाटेना. हात जोडून सांगत होते बिचारे."

मी पाय पुसायला पंचा पुढे केला. मग त्यांनी मान वर केली. लग्नानंतर पहिल्यांदाच ह्यांनी मला असं काही विचारलं. "तुला मत असतं, तर तू कुणाला दिलं असतंस?"

"तुम्हालाच," मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

ते जरासे हसले. "हो," म्हणाले, "सगळेच तसं म्हणतात."