हत्ती चिखलात पडतो तेव्हा

आमच्या सईला वाचता येत नाही, हा शोध घरात फक्त मला लागला होता. सई पहिलीत आणि मी परंड्याच्या कचेरीत कारकून. वाचण्यात माझा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात कुणी नाही (असं कचेरीत मीच सांगत असतो).

शोध लागला तो टॅबमुळं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, शब्द वाचायचं अ‍ॅप घ्या, पोरं हसतखेळत शिकतात. मी हौसेनं टॅब आणला. त्यातून आवाज यायचा, ‘बदक’. खाली चार शब्द दिसायचे, त्यातल्या ‘बदक’वर बोट ठेवायचं. सईनं ठेवलं ‘मगर’वर. ‘कमळ’ विचारलं तर ‘झाडू’वर! रोज हेच. अंदाजानं, चुकून, बोट घसरूनसुद्धा एक उत्तर बरोबर येईना! आणि शनिवारी पालकसभेत बाई सगळ्यांचे टॅब उघडून बरोबर उत्तरांच्या चांदण्या बघणार होत्या. माझं जेवण कमी झालं.

"हसतीय ना पोरगी? शिकंल की," माझी बायको वैशाली म्हणाली.

"अगं, चुकल्यावरच हसती!"

सासूबाईंनी जळकोटहून फोनवर दृष्ट काढायला सांगितली. मी इतक्या मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या की शेजारचे खोकत बाहेर आले. सईनं त्या दिवशीही ‘फणस’ सोडून ‘उंदीर’ निवडला. मग मी येरमाळ्याच्या येडाईला नवस बोललो. तरीही फरक न्हाय. शेवटी वाटलं, डोळ्यांतच दोष असणार. रजा टाकली आणि तिला बार्शीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं.

सईनं भिंतीवरचा तक्ता वरच्या मोठ्या अक्षरापासून तळाच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला.

"डोळे एक नंबर आहेत," डॉक्टर म्हणाले.

मी खचलोच. डोळे चांगले, म्हणजे दोष डोक्यात! बाहेर पडताना सईनं ‘चपला बाहेर काढाव्यात’ ही दारावरची पाटी मोठ्यानं वाचली. "गप गं," मी म्हणालो, "मला विचार करू दे."

बार्शीच्या स्टँडवर मी टॅब उघडून तिच्यापुढं धरला. वेळ वाया घालवून चालणार नव्हतं. तेवढ्यात गाडी लागली. गर्दीत घुसून, एका हातात टॅब आणि एका हातात सई धरून मी खिडकीची जागा पटकावली. मला तर लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

"बाबा, पाटीवर कुर्डुवाडी लिहिलंय," सई म्हणाली.

"पाट्या नंतर. आधी हितलं वाच. ‘गवत’ कुठंय?"

तिनं ‘विमान’वर बोट ठेवलं. टॅबवरचा हत्ती पाय घसरून धपकन चिखलात पडला आणि सई खिदळली. मी कपाळाला हात लावला.

"सई, बाळा, तुला ‘गवत’ दिसंना का?"

"दिसतंय की. हे बघा, हितं." तिनं बरोबर शब्द दाखवला, पण बोट न लावता.

"मग त्याच्यावर बोट का ठेवत न्हाईस?"

"बरोबर आलं की नुसती चांदणी येती. चुकलं की हत्ती पडतो."

म्हणजे ही पोरगी रोज प्रत्येक शब्द वाचत होती आणि नेमका तेवढाच टाळत होती! मला इतका आनंद झाला की भर गाडीत मी तिला उचलून धरलं. गाडीनं बार्शी कधीच मागं टाकली होती. कंडक्टर आला. मी छाती फुगवून म्हणालो, "एक फुल, एक हाफ, परंडा."

"परंडा?" कंडक्टर खेकसला. "गाडी कुर्डुवाडीला चाललीय. एवढी मोठी पाटी लावलीय, वाचता येत न्हाय का?"

मी तोंड उघडायच्या आत सई पुढं झाली.

"त्यांना वरडू नका, काका," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "ते रोज माझ्याबरं टॅबवर बसतेत. यील त्यांना हळूहळू."

कंडक्टरचा चेहरा एकदम मवाळ झाला. त्यानं कुर्डुवाडीची तिकिटं काढली, मी पुढं केलेला हात ओलांडून ती सईच्या हातात दिली आणि म्हणाला, "उतरायचं ठिकाण आलं की बाबाला वाचून सांग, बाळा."