सेमाडोहच्या पुढच्या गावात मी काय शिकवून आले

मेळघाटात जायचं म्हटलं की लोक वाघाबद्दल विचारतात. मला वाघाची नाही, घाटाची भीती वाटते. जीप दरीच्या बाजूने वळली की मी पुढची सीट घट्ट धरते. वय झालं, ही खोड गेली नाही. तरी दर हिवाळ्यात जाते, कारण थंडीत तिथल्या तान्ह्या बाळांच्या छातीत कफ भरतो आणि दवाखाना लांब असतो. मी नर्सिंग कॉलेजात शिकवून निवृत्त झाले. आमच्या चर्चमधल्या काही जणांनी हे काम सुरू केलं आहे. आम्ही आजारी माणसं तपासतो आणि गावातल्या बायकांना धोका ओळखायला शिकवतो. पगार कुणालाच नाही, डिझेल वाटून घेतो.

या वेळी निघताना मन नेहमीपेक्षा जास्त कचरत होतं. मागच्या हिवाळ्यात सेमाडोहच्या आतल्या एका गावात (नाव मुद्दाम देत नाही) आम्ही पोहोचायच्या आधल्या दिवशी एक बाळ गेलं होतं. त्यानंतर तिथल्या रामकली नावाच्या बाईला आम्ही तयार केलं. तिला एक मण्यांची माळ दिली. मोबाइलवर एक मिनिट लावायचं, बाळाच्या प्रत्येक श्वासाला एक मणी सरकवायचा. लाल मण्यापर्यंत पोहोचलं तर श्वास धोक्याचा. अक्षरओळख नसली तरी हे जमतं. रामकलीला पहिल्याच दिवशी जमलं. ते तिच्या लक्षात राहिलं का, हे बघायला मी चालले होते.

पहिला दिवस: अकोला ते परतवाडा

सकाळी जठारपेठेतून निघालो. जीप बबनरावांची, चालवणारेही तेच. मूर्तिजापूरमार्गे अमरावतीपर्यंत रस्ता उत्तम आहे, बाहेर कापूस वेचून झालेली काळी शेतं. अमरावतीत डॉक्टर शलाकाला घ्यायचं होतं. आमच्याच चर्चमधली मुलगी, नुकती डॉक्टर झालेली, मला मावशी म्हणते. तिला उशीर होणार हे गृहीत धरून मी गिला वडा मागवला. अमरावतीला गेलात तर हा खाच. चटणीत भिजलेला वडा, वर तिखटाचा तवंग. प्लेट पोट भरेल एवढी असते. पण पुढे घाट असेल तर अर्धीच खा, हा अनुभवाचा सल्ला.

परतवाड्याला सरळ न जाता चांदूर बाजारवरून गेलो, कारण बबनरावांना तिथलीच संत्री हवी होती. टोपली घेऊन बसलेल्या बाईने आमच्या जीपमधली औषधांची खोकी पाहिली.

"कुठं चालले हो एवढं सामान घेऊन?"

"मेळघाटात. दवाखाना घेऊन चाललो," बबनराव म्हणाले.

तिने माझ्या गळ्यातल्या लहानशा क्रुसाकडे पाहिलं. "मंग आधी काय देता तिथं? दवाई का देवाचं?"

"आधी देवाचं नाव घेतो, मग औषध," मी सांगितलं. खरं तेच सांगितलं. प्रत्येक पेशंटच्या डोक्यावर हात ठेवून आम्ही आधी प्रार्थना करतो. पहिल्यापासूनची रीत आहे.

"हाव का. आमच्या इथला डॉक्टर आधी पैशे घेते," ती म्हणाली आणि दोन संत्री जास्त टाकली.

मुक्काम परतवाड्यात केला. घाट दिवसाच चढावा. खोल्या साध्या आहेत, गरम पाणी बादलीने मिळतं, पांघरूण स्वतःचं न्या.

दुसरा दिवस: घाट

सकाळी चहा घेत होतो तेव्हा फोन वाजला. रामकली. तिच्या गावात रेंज नाही, टेकडीवर चढून बोलावं लागतं. आवाज तुटत होता.

"बाई, सुमरतीचं बाळ बीमार हाय. लाल मण्याच्या पुढं गेलं."

"दवाखान्यात नेलं का?"

"तुमी काळजी नका करू बाई. तुमी शिकवलं तसंच करून राहिली मी. कालपासून चालू हाय."

"काय चालू आहे? रामकली? काय करते आहेस?"

फोन कटला. मी पुन्हा पुन्हा लावला, लागला नाही.

कालपासून. आम्ही तिला औषध दिलेलं नव्हतं. मणी मोजायला शिकवलं होतं, बाळाला ऊब द्यायला आणि दूध चालू ठेवायला. यात कालपासून चालू ठेवण्यासारखं काय होतं, ते मला कळेना. चहा तसाच ठेवून निघालो.

घाटात धुकं होतं. एरवी मी इथली वळणं, सागाची झाडं, खाली दिसणारी दरी यांच्यावर चार ओळी लिहिल्या असत्या. त्या दिवशी मला फक्त रस्त्याची कड दिसत होती.

"बबनराव, हळू."

"ताई, हळू म्हणता अन् घड्याळ बी पाहून राहिल्या. दोन्ही कसं जमन?"

सेमाडोहच्या आरोग्य केंद्रात थांबलो. तिथल्या नर्सबाईंना विचारलं, त्या गावातून कालपासून कुणी बाळ आणलं का?

"नाही हो. कुणीच नाही आलं. अँब्युलन्स डिलिव्हरीच्या बाईला घेऊन गेली, येईलच. तुम्ही आणता का बाळ? मी ऑक्सिजन तयार ठेवते."

कुणीच नाही आलं, हे ऐकून शलाकाचा चेहरा उतरला. माझाही उतरला असणार. पुढचा रस्ता कच्चा आहे, दोन नाले ओलांडावे लागतात. उंच गाडीशिवाय जाऊ नका आणि वनखात्याच्या नाक्यावर आधी नोंद करा. मी सगळा रस्ता मनात एकच गोष्ट घोकत होते, की आपण तिला काय शिकवलं.

गावात शिरलो तर रामकलीच्या अंगणात बायका बसलेल्या. सगळ्यांच्या डोक्यावर पदर. मध्ये सुमरती, मांडीवर बाळ. समोर रामकली. आमची गाडी ऐकूनही ती उठली नाही, नुसता एक हात वर करून थांबा म्हणाली. मग तिने तोच हात भुवयांपाशी नेला, काहीतरी वर सरकवल्यासारखा कपाळावरून फिरवला, डोळे मिटले, दुसरा हात बाळाच्या डोक्यावर ठेवला आणि ओठ हलवायला लागली.

प्रार्थनेआधी मी चष्मा कपाळावर सरकवते. रामकलीला चष्मा नाही. तिने तेही केलं.

बाळाच्या बरगड्यांखालची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. नाकपुड्या फुलत होत्या. ते रडत नव्हतं, आणि आजारी बाळ रडेनासं झालं की हातात वेळ थोडा उरलेला असतो. शलाका पुढे झाली, तिने स्टेथोस्कोप लावला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. आत्ताच न्यायला हवं होतं.

"रामकली, मणी मोजलेस ना?"

"मोजले बाई. लाल गेला. मंग हे सुरू केलं. तुमी बी मोजल्यावर हेच करता ना. हे करता, मंग औषध देता, मंग गाडीत घालून नेता. आमच्यापाशी औषध नाही, गाडी नाही. जे हाय ते केलं. काल दिवसभर केलं."

ती शाबासकीची वाट पाहत होती. तिचं काही चुकलं नव्हतं. आम्ही तिच्यासमोर जे केलं होतं त्यातलं तिला करता येण्यासारखं एवढंच होतं, आणि ते तिने एक दिवस आणि एक रात्र न थकता केलं होतं. लाल मणी आला की लगेच निघायचं, हे आम्ही तोंडाने सांगितलं होतं. पण आमचे हात प्रत्येक वेळी आधी डोक्यावर गेले होते. रामकलीने हात पाहिले.

"चल, सुमरती. गाडीत बस," मी म्हणाले.

सुमरती हलली नाही. "पुरं नाही झालं बाई. मधीच उठलं तर बाळाले काही होईन."

"काही होत नाही. ऊठ."

"तुमी शेवटी ते म्हणता. ते म्हटल्याशिवाय कोणी उठत नाही."

खरं होतं. कुणी मध्ये उठू नये म्हणून मीच बायकांना दटावलेलं होतं. आता त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि बाळाची छाती आत जात होती. मी डोळे न मिटता म्हणाले, "प्रभू, हे बाळ दवाखान्यात पोहोचू दे. आमेन. झालं. ऊठ." सुमरती उठली. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लहान प्रार्थना.

परतीच्या वाटेवर, पहिल्या नाल्याच्या अलीकडे, रस्त्यावर रानगवा उभा होता. बबनरावांनी इंजिन बंद केलं.

"हॉर्न द्या," शलाका कुजबुजली.

"नको मॅडम. तो चिडला तर गाडी उलटी करन. जाईन तो आपल्या मनानं."

एरवी प्रवासी यासाठीच येतात. मी त्या गव्याकडे धड पाहिलंही नाही. माझी नजर बाळाच्या पोटावर होती. श्वास घेतला. पुन्हा घेतला. मधेच एक लांबला आणि शलाकाने त्याच्या तळपायाला टिचकी मारली, तेव्हा पुन्हा सुरू झाला. सुमरतीने माझ्या साडीचा पदर मुठीत धरला होता. गवा किती वेळ उभा होता मला माहीत नाही. मग तो बांबूत शिरला.

नर्सबाई दारातच उभ्या होत्या. ऑक्सिजन लागला, सुई लागली, अँब्युलन्स परत आली होती. "वाचेल का?" असं सुमरतीने, मराठी सोडून, तिच्या घरच्या भाषेत विचारलं असावं. नर्सबाई म्हणाल्या, "आत्ता काही सांगता येत नाही. पण आणलंत." अँब्युलन्स मोठ्या दवाखान्याकडे गेली. शलाका सोबत गेली.

बबनरावांनी रबडी आणली. सेमाडोहची रबडी प्रसिद्ध आहे. कशी होती ते मला सांगता येणार नाही.

तिसरा दिवस: पुन्हा तेच अंगण

सकाळी आम्ही दोघं परत गावात गेलो. बाळाची काही बातमी नव्हती. बायका तशाच जमल्या. मी चष्मा नाकावरच ठेवला आणि कापडाची बाहुली घेतली. मणी मोजले, लाल आला, आणि बाहुली उचलून मी थेट जीपकडे चालत गेले. रामकलीला तसं करायला लावलं, मग प्रत्येकीला. जीप नसेल तर? सरपंचाची गाडी, दूधवाल्याची मोटरसायकल, नाही तर टेकडीवर जाऊन अँब्युलन्सला फोन. प्रत्येकीकडून वदवून घेतलं.

"अन् देवाचं कधी करायचं बाई?" रामकलीने विचारलं.

"गाडीत. डोळे उघडे ठेवून."

तिने थोडा विचार केला. "मंग हे काहून करायचं?" तिने हात कपाळावरून फिरवला.

"ते करायचंच नाही. तो माझा चष्मा होता."

बायका हसल्या. रामकली हसली नाही. मीही नाही.

घरी

जठारपेठेत परत आल्यावर शलाकाचा फोन आला की बाळ दूध प्यायला लागलं. मी खुर्चीत बसून राहिले. चर्चच्या बैठकीत मी नवा क्रम मांडला: आधी श्वास, मग गाडी, गाडीत प्रार्थना. एकदोघांना तो आवडला नाही. मी त्यांना पुढच्या फेरीत सोबत चला म्हटलं.

काही आठवड्यांनी रामकली पुन्हा टेकडीवरून बोलली. दुसऱ्या घरातलं बाळ होतं, लाल मणी गेला, दूधवाल्याच्या मोटरसायकलवरून तिने स्वतः नेलं.

"डोळे नाही मिटले बाई," ती म्हणाली. "पडन म्हणून."

मेळघाटात जायचं असेल तर जरूर जा. थंडीत जा, दिवसा जा. मी चष्म्याला दोरी बांधली आहे, आता तो काढला की गळ्यात लोंबतो, कपाळावर जात नाही. पण मी तिथे अनेक हिवाळे गेले आहे, अनेक अंगणांत उभी राहिले आहे आणि बायका माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी माझं आणखी काय काय उचललं असेल, याचा विचार घाटापेक्षा जास्त घाबरवतो.