शामरावचे बूट आणि धरणावरची बाग

रोजची बैठक असली की किस्से साचतातच. गोवऱ्यांच्या ढिगासारखे! एक काढायला जावं, तर मागचे चार घसरून अंगावर येतात. आमच्या अकोल्याकडच्या मालेगावच्या गल्लीत तर एका बागेचेच इतके साचलेत, की माझा मित्र शामराव म्हणतो, "बाग पाहाले अर्धा दिवस लागते, अन् सांगाले सालभर!"

ही बाग धरणाच्या काठावर आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बैलांना आराम असतो, मग आम्हीही भाड्याची मॅजिक गाडी ठरवून तिकडं जातो. मी, माझी घरवाली पार्वती, शामराव, आणि शेजारचे नामदेव-गंगाबाई. गेटातून आत पाय ठेवला की दर वेळी मी जागीच थांबतो. नजर जाईल तिथवर जमीन, अन् पेरलेलं काहीच नाही! लोकांनी नुसतं हसावं-खेळावं म्हणून एवढी जागा ठेवली आहे.

नामदेवचं आधीच सांगून ठेवतो. त्याचं गाव ह्याच धरणाच्या पाण्यात गेलं. घर, वावर, खळं, सगळं. तो बागेत येतो, फिरतो, भजी खातो, पण बसतो पाण्याकडं पाठ करून. गंगाबाई त्याच गावात नवरी होऊन आली होती. ती दर साली म्हणते, "एक डाव बोटीत बसा ना जी माह्यासंगं!"

नामदेव म्हणतो, "पुढच्या साली पाहू."

* * *

बागेत शिरताच सिमेंटचा एक ससा आहे. माणसाएवढा, आ वासून बसलेला. पहिल्या वेळी पार्वतीनं फडक्यातली अर्धी भाकर मोडली आणि त्याच्या तोंडात घातली.

वॉचमन शिटी वाजवत पळत आला. "मावशी, तो कचऱ्याचा डबा हाय!"

पार्वतीनं वाकून सशाच्या घशात पाहिलं. आत नुसत्या कुरकुऱ्यांच्या पिशव्या!

"मंग बरोबरच केलं मी," ती म्हणाली. "प्लास्टिक चारून राह्यले लोकं त्याले. तुमचं ध्यान कुठं असते?"

वॉचमन शिटी खिशात घालून निघून गेला.

* * *

तिथं छोटी रेल्वे आहे. लाल डबे, खरी शिटी, मधात एक बोगदासुद्धा! शामराव पिशवी मांडीवर घट्ट धरून खिडकीशी बसला. गाडी फुलांमधून गेली, पुलावरून गेली, आणि जिथून निघाली तिथंच येऊन थांबली.

सगळे उतरले. शामराव हलेना.

"काका, उतरा ना," गाडीवाला म्हणाला.

"कायले उतरू? गाव त येऊ दे! जऊळक्याच्या टेशनावरून बसलो त रेल्वे मले अकोल्याले नेते. तू जिथच्या तिथंच आनून सोडतं?"

तो तणतणत उतरला. मी मात्र पुन्हा तिकीट काढलं. आजवर गाडीत बसलो तो कोणाच्या मयतीला, नाहीतर दवाखान्याला. कुठंच जायचं नाही आणि तरी खिडकीशी बसायचं, हे मला जन्मात पहिल्यांदा भेटलं होतं!

* * *

एका कोपऱ्यात व्यायामाची लोखंडी यंत्रं आहेत. नामदेव एका सायकलीवर बसला. चाक नाही, नुसते पायडल. मारले बराच वेळ. मग बाजूच्या पोरीला विचारलं, "बाई, ह्याच्यानं पानी कुठं पडते?"

"कुठंच नाही, आजोबा. ह्यानं घाम निघतो."

"अन् घामानं काय निघते?"

"काहीच नाही. घामच काढायचा असतो."

नामदेव खाली उतरला. यंत्राकडं खूप वेळ पाहत राहिला. मग हळूच मला म्हणाला, "गड्या, किती सुखी झाली दुनिया! लोकाले घाम इकतही गवसत नाही, म्हनून मशीन लावा लागते." त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच नवल वाटलं होतं.

* * *

मागच्या वर्षी तिथं एक गोल, गुळगुळीत जागा केली. गंगाबाईनं ती पाहिली आणि कडेलाच चपला काढल्या. आमच्याकडं खळ्यात कोणी पायताण घालून जात नाही. जिथं धान्य पडतं तिथं उघड्या पायानंच जायचं, हे लहान लेकरालाही सांगावं लागत नाही. आता मळणी मशीन करते, खळी राहिली नाहीत, पण पाय विसरत नाहीत.

"अगदी आपल्या खळ्यासारखं लिपलं हो!" ती म्हणाली. "शामरावभाऊ, बूट काढा."

शामरावला धाकट्या पोरानं पुण्याहून बूट पाठवलेत. पांढरेशुभ्र. ते तो जेवतानाही काढत नाही. "वहिनी, ह्याची गाठ माह्याच्यानं सुटत नाही. घरची थोरली सून बांधून देते, तेच सोडते!"

तेवढ्यात पायांना चाकं बांधलेले दहा-बारा पोट्टे सर्रकन आत घुसले.

गंगाबाईनं कपाळाला हात लावला. "बूट परवडले, बाप्पा!"

* * *

यंदा गंगाबाई भजी खाऊन उठली आणि नामदेवला म्हणाली, "मी चालली बोटीत. तुमी या, नाही त ऱ्हा."

नामदेव गेटाकडं तोंड करून बसून राहिला. आम्ही केशरी जाकिटं चढवली. गंगाबाईनं बोटीत पाय टाकला तशी बोट हलली, आणि सवयीनं तिचा हात मागं गेला. तो ज्यानं धरला तो नामदेव होता.

शामरावनं सरकून त्याला जागा करून दिली.

पाणी केवढं! मी काठावरून पाहिलं होतं, मधातून कधी नाही. आभाळ वरही आणि खालीही. पार्वती माझ्या बाहीला धरून नुसती "अगं माय, अगं माय" करत होती.

नामदेव टेकडीकडं पाहत होता, मग काठावरच्या जुन्या वडाकडं, मग पुन्हा टेकडीकडं. त्याच्या खळ्यातून दिसायचा तसा वड टेकडीच्या खाचेत नीट बसला, तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, इंजन जरा बंद करता काय?"

इंजिन थांबलं. बोट आपोआप, हळू सरकत राहिली.

नामदेवनं वाकून चपला काढल्या आणि मांडीवर घेतल्या. गंगाबाईनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा खाली पाण्यात पाहिलं. तिनंही काढल्या. मग मी. मग पार्वती.

"आबाजी, बोट ओली हाय, पाय घसरतीन," बोटवाला म्हणाला. "चपला काहून काढून राह्यले सगळे?"

शामराव खाली वाकला होता, आणि दोन्ही हातांनी बुटाची गाठ सोडत होता.