क्योतोतला राबाचा धूर

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून जातो. पंच्याऐंशी पार केली तरी ही सवय सुटलेली नाही. म्हणून मी हे लिहायला बसलोय ते बघून घरचे हसतायत... हसू देत.

गाव आमचं मुळशी तालुक्यात, मुठा खोऱ्यात. साल एकसष्ट-बासष्टचं. जपानी पद्धतीच्या भातशेतीचं तेव्हा भलतंच खूळ होतं आणि मी त्यातला पुढारी. वडील – त्यांना आम्ही दादा म्हणायचो – उन्हाळ्यात शेण-पाला पसरून रोपाची जागा भाजून घ्यायचे. त्याला राब म्हणतात. एकदा ग्रामसेवकासमोर मी बोलून गेलो, "दादा, राब भाजणं म्हंजे निव्वळ अडाणीपणा हाय."

दादा उठले ते माझ्याशी बोलेनासेच झाले. सरकारने मला शिकायला जपानला पाठवलं, तेव्हा एसटीपर्यंतसुद्धा आले नाहीत. तिथून मी चार पत्रं टाकली. उत्तरं धाकट्या भावाची यायची, त्यात दादांचा एक शब्द नसायचा. जीव नुसता तुटायचा माझा.

एका रविवारी आम्हाला क्योतो शहर दाखवायला नेलं. सकाळी जुना राजवाडा, मग विणकरांची आळी – लाकडी घरं, आत मागांची खटखट. दुपारी एक लांबच लांब देऊळ, त्यात हजार उभ्या मूर्ती. बूट बाहेर काढून आत गेलो, आणि मूर्तींसमोर मला राबाचा वास आला. शेण, ऐनाचा पाला, भाजलेली माती... आमच्याच शेतातला.

दादा इथंच कुठंतरी आहेत असं वाटलं आणि मी बाहेर पळालो, नुसत्या मोज्यांवर. पुढे कुंभारांच्या चढाच्या गल्ल्या, दारोदारी मांडलेल्या कपबश्या, थबकून बघणाऱ्या बायका. दर वळणावर वास वाढत होता. "दादा, चुकलं माझं... दादा, बोला की वो..." मी मोठमोठ्याने ओरडत होतो. शेवटी एका भिंतीशी गल्ली संपली, तिथंच वासही संपला. मी खाली बसून ढसाढसा रडलो.

दुभाष्याने मला शोधलं तेव्हा चार वाजले होते, म्हणजे आपले साडेबारा. कुंभारांच्या भट्ट्यांचा धूर असेल, म्हणाला. अहो, लाकडाचा धूर कुठला आणि शेणाचा कुठला हे मला कळत नाही होय?

पंधरा दिवसांनी भावाचं पत्र आलं. त्याच रविवारी दुपारी राब पेटवताना दादांच्या छातीत कळ आली आणि ते गेले.

बाकीचं आईने मी परतल्यावर सांगितलं. कळ यायच्या जरा आधी दादा तिला म्हणाले होते, "थोरला आलाय बघ. बांधावर हुबा हाय, कोट घालून. पायात काय न्हाई त्याच्या. जमीन तापलीया, माज्या वहाणा दे त्याला." आईला बांधावर कुणीच दिसलं नाही. तरी त्यांच्या समाधानासाठी तिने वहाणा नेऊन ठेवल्या.

अनवाणी पळालो हे मी घरी कुणालाच कळवलं नव्हतं. दादांना ते कसं दिसलं, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. आता होईल असं वाटतही नाही. पण मला छळतं ते वेगळंच.

मी आईला विचारलं होतं, "मी काय म्हणत होतो, ते दादांनी ऐकलं का गं?"

तिने दादांच्या त्याच वहाणा पदराने पुसल्या. मग म्हणाली, "तोंड हलतंय त्याचं, म्हनले... पर ऐकू काय येईना."